स्वयंपाकघरातील पलंग

३ फेब्रुवारी १९७५

नाव एव्हारिस्त शोमेय. वय अठ्ठ्याहत्तर. शिक्षण इयत्ता चौथी. विधुर. स्वतःच्या जमिनीचा मालक; कोणाची चाकरी केली नाही. घर वेर्नुज व मोंब्रेल या दोन गावांच्या शिवेवर. शीव म्हणजे घराखालून वाहणारा ओहोळ. चूल वेर्नुजमध्ये, पलंग मोंब्रेलमध्ये. जो जिथे निजतो, तिथेच त्याची गणती, असे आम्ही मानतो.

आज वेर्नुजच्या सरपंच सिदोनीबाई आल्या. जनगणना याच महिन्यात आहे. माणसे नव्याण्णव भरतात. शंभर झाली नाहीत, तर गाव मोंब्रेलमध्ये विलीन करण्याचा ठराव येणार.

"काका, पलंग चार हात अलीकडे ओढा. एवढंच."

"स्वयंपाकघरात?"

"मग काय चर्चमध्ये?"

मी नकार दिला. आमच्या डोंगरात स्वयंपाकघरात पलंग येतो तो माणूस जायला निघाला म्हणजे — चुलीची ऊब मिळावी म्हणून. वडील तसेच गेले. मी धडधाकट आहे.

५ फेब्रुवारी

नकार कायम.

८ फेब्रुवारी

मोंब्रेलचे सरपंच पावाच्या दुकानात, मला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाले, "वेर्नुज म्हणजे काय हो? एक टेकडी, चेस्टनटची झाडं आणि खोकणारे म्हातारे. आमची एक गल्ली होईल."

मी पाव घेतला. घरी येऊन पलंग ओढला. एकट्याने.

९ फेब्रुवारी

सकाळी शेजारीण लेओंतीन दूध घेऊन आली. पलंग पाहिला. दूध ठेवून लगबगीने परत गेली. दुपारपर्यंत तीन घरांतून कोबीचे सूप आले. मागोमाग पाद्रीबाबा, मरणाऱ्याच्या कपाळी लावायच्या पवित्र तेलाची कुपी घेऊन. मी त्या वेळी टेबलाशी बसून सॉसेज खात होतो.

"खा, खा," ते म्हणाले. "शेवटी शेवटी भूक लागतेच."

मी जनगणनेचे कारण सविस्तर सांगितले. त्यांनी माझा हात थोपटला.

११ फेब्रुवारी

धाकटा भाऊ ऑनोरे मोंब्रेलहून बर्फ तुडवीत आला. आईच्या कपाटाच्या वाटणीपासून आमचा अबोला आहे. मी दुपारची विश्रांती घेत पडलो होतो.

"दादा," तो म्हणाला, "कपाट तूच ठेव. वर नेता यायचं नाही, पण तुझा हट्ट मला ठाऊक आहे."

खरे काय ते सांगण्यासाठी मी तोंड उघडले.

"बोलू नकोस. दम लागेल."

त्याने बूट काढून चुलीशी ठेवले. आपली गादी आणायला तो उद्या जाणार आहे. मला रात्री एकटे सोडणार नाही म्हणतो. त्याच्याही घरी दुसरे कोणी नाही.

१४ फेब्रुवारी

गणतीसाठी सिदोनीबाई स्वतः आल्या. इथे किती माणसे निजतात, असे विचारले.

"दोन," ऑनोरे म्हणाला. "दादाचं आवरेपर्यंत. मग बघू."

बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि कागदावर दोन लिहिले. गाव एकशे एक.

माझी प्रकृती उत्तम आहे. मी उठलो नाही.

गणतीच्या कागदावर समक्ष सह्या: सिदोनी व्हायसाद, सरपंच. ऑनोरे शोमेय, सख्खा भाऊ.