काळ दिसला की थांबायचे

सोमवार, १२ जानेवारी. सकाळी ८.१०

आजपासून दोन संकल्प. एक, होडीचा जुना रंग सुरक्षितपणे काढणे. दोन, कोणावरही हात न उचलणे. मुळात मी शांत माणूस आहे. नववीत मास्तरांना चावलो हे खरे. पण फळ्यावर 'आशिर्वाद' त्यांनी लिहिला होता, आणि छडीही आधी त्यांनीच उचलली. शाळा तेवढ्यावर सुटली.

होडी भावोजींची. शिडाची, एका माणसापुरती, कार्बन फायबरची. रविवारी तलावावर शर्यत. आमच्या होडीदुरुस्तीच्या शेडचे मिस्त्री दुसऱ्या बंदरावर कामाला गेले आहेत, शनिवारी येणार. जाताना म्हणाले, वेलांटी, ही होडी नीट केलीस तर तुला शेडमध्ये कायम करतो. ('वेलांटी' हे नाव त्यांनीच पाडले. शेडमधल्या सूचना मी लाल पेनाने सुधारतो म्हणून.) नाही जमले तर भावोजींचा बर्फाचा कारखाना आहेच. तिथे दिवसभर लाद्या फोडायच्या. भावोजी फोडतात तेव्हा मला लादीचीच दया येते.

मिस्त्रींनी होडीवर चिठ्ठी चिकटवली आहे: 'हिट गन नाहि. रिमुवर नाहि. पाणि मारत हातानेच घासायच. काळ दिसल कि थांबायच.'

चार वाक्यांत नऊ चुका. सगळ्या सुधारल्या. शेवटचे वाक्य जरा अवघड होते. 'काळ' पुल्लिंगी, म्हणून 'दिसला'. काना खाल्ला होता, तो घातला. 'काळ दिसला की थांबायचे.' काळ म्हणजे वेळ. भोंगा झाला की काम बंद. मिस्त्री दुसरीपर्यंत शिकलेले, पगाराच्या कागदावर अजून अंगठा उठवतात; पण भाषा भारदस्त.

मंगळवार, १३ जानेवारी

मास्क, चष्मा, हातमोजे, जुनी रेनकोटची टोपी. पाणी मारत घासले. पांढरा रंग निघाला. खाली निळा. निळा चिवट. चार तास त्याची मुंडी मुरगळत होतो. शेवटी शरण आला.

शेजारी वार्निशवाला लाकडी होड्या चमकवतो. म्हणाला, अरे होडी घासतोयस की खून करतोयस? मी बादली फेकली. पाण्याची होती, म्हणजे हात उचलला असे होत नाही.

५.०० भोंगा. काळ दिसला, थांबलो.

बुधवार, १४ जानेवारी

निळ्याखाली करडा. करड्याखाली काळा! कोणत्या तरी गाढवाने होडीला काळा रंगही दिला होता. आणि नुसता दिला नाही, आत चटईसारखी बारीक वीण काढली आहे. कौशल्य आहे, नाकारत नाही. पण जुना रंग तो जुना रंग. त्याचा मुडदा पाडणार.

वार्निशवाला धावत आला. म्हणे, थांब रे, ती होडीच आहे! मी म्हणालो, होडी आतून पांढरी असते. आजवर शेडमध्ये आल्या त्या सगळ्या पांढऱ्या निघाल्या. तो म्हणाला, त्या साध्या फायबरच्या, ही कार्बनची. मी चिठ्ठी दाखवली. त्याने वाचली, पुन्हा वाचली, म्हणाला, ह्यात तर काहीच नाही. मग नाही ना, म्हणालो.

माझ्या कायम होण्यावर जळतो. नुसता धूर दिसत नाही एवढेच.

गुरुवार, १५ जानेवारी

अंगाला भयंकर खाज. काळी धूळ मोज्यांतूनही आत जाते. मान खाजवून रक्त काढले. राग रंगावर काढला. जाड दाण्याचा घासकागद लावला आणि दोन्ही हातांनी तुटून पडलो.

वार्निशवाल्याने माझा कागद हिसकावला. मी त्याचा ब्रश हिसकावला. त्याने कानाखाली दिली. मी लाकडी ठोकळा मारला. तो खाली, मी वर. मग मी खाली. त्याचा एक दात पडला. दुधाचा नसावा. माझा डावा कान आता कोबीएवढा आहे. दुसरा संकल्प मोडलेला नाही. हा स्वसंरक्षणाचा भाग.

संध्याकाळी घरी वेगळेच. ताईने माझे कपडे भावोजींच्या बनियनबरोबर धुतले होते. जेवताना भावोजी खाजवू लागले. आधी पाठ, मग सगळेच. एकदम उठले, बनियन फाडून काढले आणि ओल्या टॉवेलने मला झोडपले. तोंडाने म्हणत होते, तुझी होडी माझ्या अंगावर आणलीस! मी म्हणालो, होडी तुमचीच आहे. त्यामुळे आणखी चार बसले. ताई म्हणाली, घर आहे की आखाडा? आणि दोघांनाही पळीने मारले. तिचा नेम चांगला आहे.

शुक्रवार, १६ जानेवारी. दुपारी ३.४०

जिंकलो! काळा संपला, खाली पांढरे लागले! मी म्हणत होतोच. खरी होडी पांढरी आहे. थोडी मऊ आहे, स्पंजासारखी. नख लावले की खूण उमटते. उच्च प्रतीचे सामान असणार.

होडी कमालीची हलकी झाली. एका हाताने एक टोक उचलतो. भावोजी शर्यत जिंकणार. वार्निशवाल्याला दाखवली. तो दाताच्या जागी जीभ घालून नुसता बघत राहिला. हरलेल्याचा चेहरा असाच असतो.

शनिवार, १७ जानेवारी. सकाळी ११

मिस्त्री आले. भावोजीही आले. मी होडीवरची चादर ओढली.

मिस्त्री जवळ गेले. अंगठा टेकवला. अंगठा आरपार गेला.

विचारले, काळं दिसलं नाही का तुला? मी म्हणालो, रोज दिसला, पाच वाजता. चिठ्ठी दाखवली. त्यांनी माझा लाल काना पाहिला. म्हणाले, वेलांटी, काळं म्हणजे काळा कार्बन, तीच होडी. पांढरा तो नुसता आतला फोम. टिंब द्यायचं राहिलं रे माझं. आता बघ, तुझ्या होडीला पडलंय.

भोक अंगठ्याएवढेच होते. अगदी अनुस्वार.

मग भावोजींनी वल्हे घेतले. काळ म्हणजे वेळ नव्हे, हे तेव्हा समजले. काळ साधारण पावणेसहा फूट, बनियनवर. मी थांबलो नाही, पळालो. वार्निशवाल्याने फाटक लावून घेतले.

सोमवार, १९ जानेवारी

शर्यत झाली. भावोजी काठावर उभे होते, असे ताई सांगते. काल दिवसभर मी उपडाच झोपलो.

आज बर्फाच्या कारखान्यात पहिला दिवस. हातात टोच्या, पुढे लादी. यंत्रावर भावोजींच्या अक्षरात सूचना: 'दिवा लाल झाल कि हात घालू नये.'

पेन खिशात होते. काढले नाही. भावोजींना हाक मारली आणि म्हणालो, एकदा वाचून दाखवता का?