बिनसॉसचा हीर

रविवार. सकाळी बाजारातून शेंगदाणे आणि कोंबडी आणली. आईला आंघोळ घातली, कपडे वाळत टाकले. दुपारी आईने भाताचे दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

बाबा, दसऱ्यापासून आईचं जेवण तुटत चाललं आहे. डॉक्टर म्हणतात, आवडेल ते द्या. तिला पेज नको, बांगडा नको, सोलकढीही नको. परवा मात्र आपणहून म्हणाली, "तेंच्या हातचा तां शेंगदाण्याचा करशीत काय गो?" तेंच्या म्हणजे तुमच्या, आणि तां म्हणजे तुमचा शेंगदाण्याचा सॉस. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती तुमचं नाव घेत नाही. मला इतका आनंद झाला की लगेच मोबाइलवर पाच मिनिटांत होणारा थाई सॉस बघून केला. पीनट बटर, सोया सॉस, लिंबू, साखर आणि गरम पाणी. तिने बोटाने चाखला आणि वाटी माझ्याकडे परत दिली.

म्हणून आज तुमच्यासारखा करायला घेतला. मला अजून दिसतं, तुम्ही जहाजावरून रजेवर आलेले असता. वर्षभर परक्या लोकांना रांधल्यावर घरात चुलीकडे फिरकत नाही, फक्त पहिल्या रविवारी. आई भाजलेले शेंगदाणे पाट्यावर वाटते. तुम्ही पडवीत बसून माडाच्या झावळीच्या काड्या, म्हणजे हीर, काढता आणि त्यांत कोंबडीचे तुकडे ओवता. बँकॉकच्या बंदरावर शिकलेल्या या सॉसला चिंच लागते, आणि घरातली चिंच संपलेली असते. तुम्ही कोकमाची सोलं भिजत घालता आणि आईला म्हणता, "थयच्या लोकांका सांगा नको." आई वाटता वाटता हसते. पुढे चिंच असली तरी सोलंच पडायची.

मी सोलांचं पाणी उकळत्या नारळाच्या रसात ओतलं आणि रस फुटला. दुसरा नारळ खवला. या वेळी शेंगदाण्याचं वाटण, मिरची, गूळ घालून शिजवलं, खाली उतरवलं आणि मग सोलांचं पाणी घातलं. चांगलं दाट झालं. आईला उशीला टेकवून बसवलं. तिने भाजलेल्या कोंबडीचा एक तुकडा बुडवून खाल्ला. बराच वेळ चावत होती.

"बरा झाला हा," ती म्हणाली. पाहुण्यांच्या घरी म्हणतात तसं. "पन तां न्हय."

मी विचारलं, काय कमी आहे? मीठ? तिखट?

"माका सांगूक येना नाय गो," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली.

आता ती झोपली आहे आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. कुठे पाठवायचं, हा प्रश्नच नाही. तुम्हाला विचारलं असतं, पण तुम्हाला ठाऊकच आहे, मी तो सॉस कधी खाल्ला नाही. मला लहानपणी शेंगदाण्याचा वास नकोसा व्हायचा. तुम्ही एक हीर बिनसॉसचा भाजून माझ्या ताटात ठेवायचात. ती चव फक्त आईला माहीत आहे आणि तिला सांगता येत नाही. मी जे शोधते आहे ते सापडलं तरी मला कळणार नाही.

वाटीत उरलेला सॉस गार झाला आहे. सकाळचं एक घावन होतं. ते त्यात बुडवून मी खाल्लं. मग वाटी घासून पालथी घातली.