बारा वाजून पाच मिनिटं

१६ मार्च २००४

प्रिय ट्वायला,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. खुब्याचा सांधा बदलल्यापासून मला एका जागी फार वेळ बसवत नाही, हे एक कारण. दुसरं कारण पुढे येईलच. इकडे बर्फ वितळून सगळा चिखल झाला आहे. समोरच्या घरातली दहा वर्षांची पोरगी गॅरेजवर टांगलेल्या बास्केटमध्ये शाळेतून आल्यापासून चेंडू टाकत बसते, आणि कोपर बाहेर काढून टाकते. दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी काठी टेकत गेले आणि म्हटलं, "बाळ, कोपर आत घे." ती म्हणाली, "आजी, तुम्ही कधी खेळला होतात का?" तिच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला मात्र बरं वाटलं. चौतीस वर्षं कोच म्हणून घालवली त्या गावात मला ओळखत नाही असं एक तरी माणूस निघालं.

ऑर्व्हिल गेला, हे तुला कळलं असेल. जानेवारीत गेला, झोपेतच. आपली बस चालवायचा, जिमची जमीन पुसायचा, मुलींचे कपडे धुवायच्या यंत्रात टाकायचा, आणि वर सगळ्यांवर खेकसायचा. त्याच्या अंत्यविधीला मी मागच्या बाकावर बसले. त्याची बायको म्हणाली, "पुढे या ना, तुम्ही तर घरच्या." मी गेले नाही. पंचवीस वर्षं तो माझ्याशी कामापुरतंच बोलला होता, हे तिला माहीत नव्हतं. तुम्हा मुलींनाही कधी कळलं नसावं.

तू कॉलेजात आलीस ते वर्ष मला स्वच्छ आठवतं. आयोवातल्या सगळ्या पोरी तेव्हा शाळेत सहा-सहाचा खेळ खेळून यायच्या. तिघींनी राखायचं, तिघींनी टाकायचं, आणि मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. तू राखणारी. चार वर्षं शाळेच्या संघात होतीस आणि सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू टाकला नव्हतास. पहिल्या दिवशी चेंडू हिसकावून घेतलास, धावत आलीस आणि मधल्या रेघेवर अशी थांबलीस की जणू पुढे खड्डा आहे. बाकीच्या हसल्या. मी शिट्टी वाजवली आणि म्हटलं, "ट्वायला हृस्का, पुढेही जमीनच आहे." तू लाल झालीस. मग रोज पहाटे एकटी येऊन दोनशे चेंडू टाकायला लागलीस. पुरुषांचा संघ सातला यायचा, त्याआधी जिम आपलं.

त्याच्याही आधीची वर्षं तू पाहिली नाहीस. अडुसष्ट साली मी आले तेव्हा मुलींना गणवेश नव्हते. साध्या सदऱ्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचे आकडे लावायचो. घाम आला की आकडे गळायचे आणि पंच विचारायचे, "ही नेमकी कोण?" प्राचार्य मला म्हणाले होते, "मिस रॅस्मुसेन, पोरींना जरा पळवून आणा, फार मनावर घेऊ नका." मी मनावर घेतलं. लग्न केलं नाही, त्याला हेच कारण असं लोक म्हणतात. ते पूर्ण खरं नाही, पण मी कधी कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही.

माझी शिकवण म्हणून जे लोक सांगतात त्यातलं बरंचसं कुठल्याही कोचचं असतं. चेंडूच्या आधी पाय हलले पाहिजेत. दमलेल्या मुलीवर मोठ्यांदा ओरडू नये, हळू बोलावं. माझं स्वतःचं असं एकच होतं, शेजारची सीट. परतीच्या प्रवासात एकेकीनं येऊन माझ्या शेजारी बसायचं, आणि मी तिच्याविषयी जे पाहिलं ते तिला तोंडावर सांगायचं. पाठीमागे काही नाही, उद्यावर काही नाही. जे मला ठाऊक, ते त्याच दिवशी तुला ठाऊक. मुली रडत उठायच्या, पण पुढच्या सामन्यानंतर पुन्हा येऊन बसायच्या. तू तर पहिल्यांदा उठताना म्हणालीस, "कोच, माझ्याशी एवढं खरं आजवर फक्त बाबाच बोललेत."

तुझे बाबा. लिओनार्ड हृस्का, दुधाचा टँकर चालवणारे. गायी काही रविवार पाळत नाहीत, असं म्हणायचे. त्यामुळे तुझे सामने त्यांना बघायला मिळायचे नाहीत. एकदाच भेटले, तुला सोडायला आले तेव्हा. टोपी काढून माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कोच, ती हट्टी आहे. पण सांगितलेलं समजतं तिला. नीट सांगत जा." तेवढंच. मग खिशातून रुमालात बांधलेले दोन कोलाचे, तुमच्या घरचे खसखस भरलेले गोड पाव, काढून माझ्या हातात दिले, अजून कोमट होते.

ट्वायला, आता त्या शनिवारकडे यायला हवं.

एकोणऐंशीचा फेब्रुवारी, राज्य स्पर्धेची उपांत्य फेरी, सामना दुपारी एकचा. अंतिम फेरी गाठली तर पुढच्या वर्षीपासून मुलींनाही शिष्यवृत्ती द्यायचा विचार करू, असं प्राचार्यांनी मला सांगितलं होतं. हे मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला ऐकवलं, की अकरा पोरींचा आणि त्यांच्यामागून येणाऱ्या सगळ्यांचा प्रश्न होता. पण खरं सांगायचं तर शिष्यवृत्ती माझ्या डोक्यात आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या क्षणी मला फक्त सामना हवा होता. अकरा वर्षं मी तिथवर पोचायला धडपडत होते, आणि तुझ्याशिवाय ते होणार नव्हतं.

यजमान कॉलेजच्या ऑफिसात फोन वाजला तो ऑर्व्हिलनं घेतला, कारण तो तिथे शेगडीपाशी हात शेकत उभा होता. त्यानं मला बोलावलं. पलीकडे दवाखान्यातली नर्स होती. बर्फावरून टँकर घसरून ओढ्यात गेला, म्हणाली. छातीला मार आहे. "शुद्धीवर आहेत, मुलीचं नाव घेताहेत, लगेच पाठवा." मी म्हटलं, "पाठवते." भिंतीवर घड्याळ होतं. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

ऑर्व्हिल म्हणाला, "गाडीची व्यवस्था करू?"

मी म्हटलं, "सामना झाल्यावर."

तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. "कोच, बाप आहे तिचा."

"मला माहीत आहे, ऑर्व्हिल. तू जाऊन मुलींच्या पाण्याचं बघ."

तो गेला. आणि लगेच तू आलीस, बोट पुढे करून. पट्टी सैल झाली होती. मी ती सोडून पुन्हा घट्ट बांधली. माझे हात जरासुद्धा थरथरले नाहीत, आणि पुढे कित्येक वर्षं मला स्वतःची भीती वाटत राहिली ती याचीच.

तू एकोणीस गुण केलेस. शेवटचे दोन्ही फ्री थ्रो तुझे. पोरी तुला उचलून नाचत होत्या. मी गर्दीतून वाट काढत आले, तुझा दंड धरला आणि कानात सांगितलं, "दवाखान्यातून आत्ताच फोन आलाय. बाबांना अपघात झालाय. चल." यजमान कोचची गाडी मागून घेतली आणि तुला बसवलं. गणवेशावरच कोट चढवला होतास. अर्ध्या वाटेत तू म्हणालीस, "कोच, त्यांना एकोणीस सांगितले तर विश्वास बसणार नाही त्यांचा. तुम्ही सांगा." मी म्हटलं, "सांगेन."

आपण पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. ते दोन चाळीसला गेले होते. दीड तासाचा रस्ता. फोन आल्याबरोबर निघालो असतो तर पावणेदोनच्या आत तू त्यांच्या उशाशी असतीस. हा हिशोब मी दिवसातून कितीदा करत होते ते विचारू नकोस.

तुझी आई व्हरांड्यात होती. तिनं मला विचारलं, "इतका उशीर कसा झाला हो? दर थोड्या वेळानं विचारत होते, ट्वायला निघाली का, ट्वायला निघाली का." मी म्हटलं, "शनिवार ना, ऑफिसं बंद. निरोप फिरत फिरत आला." तिनं माझे दोन्ही हात धरले आणि तुला एवढ्या बर्फातून आणल्याबद्दल माझे आभार मानले. पुढे सतरा वर्षं, ती होती तोवर, दर नाताळला कोलाचेंचा डबा पाठवत राहिली. मी एकही खाल्ला नाही. पहिल्या वर्षी डबा ऑर्व्हिलला देऊ केला. तो डब्याकडे बघून म्हणाला, "मला नको. आणि तुम्हालाही तो ठेवायचा हक्क नाही." त्याचं माझ्याशी मनातलं बोलणं तेवढंच, शेवटचं.

अंतिम सामना आपण हरलो. तू खेळायला आली नव्हतीस. शिष्यवृत्ती मात्र मिळाली, आणि त्यावर शिकून गेलेल्या पोरी आज डॉक्टर आहेत, वकील आहेत. त्यांच्याकडे बघून मन शांत होईल असं वाटायचं. झालं नाही. शेजारची सीट मी त्याच वर्षी बंद केली. मुली म्हणायच्या, वय झालं, कोच मवाळ झाल्या. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. कुणाच्या तोंडावर खरं सांगायला बसले की तुझ्या आईचे हात आठवायचे.

तुला सांगायचं मी तीनदा ठरवलं. पदवी घेतलीस तेव्हा, लग्नात, आणि तू स्वतः कोच झालीस तेव्हा. त्या वेळी तू फोनवर म्हणालीस, "मी मुलींना एकच सांगते, कोच, माझी कोच माझ्याशी कधी खोटं बोलली नाही." मी म्हटलं, "फोन महाग पडेल, ठेव आता." ऑर्व्हिल गेल्यापासून हे ठाऊक असलेली मी एकटीच उरले. मी गप्प बसले तर हे माझ्याबरोबर पुरलं जाईल आणि तुझी आठवण जशी आहे तशी राहील. त्यानं तुझं भलं होईल असं मी जवळजवळ स्वतःला पटवलं होतं. पण त्या दुपारी तुला काय कळावं आणि काय नाही, हे मी एकदा तुझ्यावतीनं ठरवलं होतं. दुसऱ्यांदा ठरवायचा मला अधिकार नाही.

एप्रिलमध्ये जिमला माझं नाव द्यायचं घाटतंय, आणि त्या दिवशी तू बोलणार आहेस. कॉलेजनं तुझं भाषण माझ्याकडे पाठवलं, तारखा तपासून द्या म्हणून. मंगळवारपासून ते टेबलावर आहे. त्यात तू लिहिलं आहेस, "ज्या दिवशी माझे वडील गेले, त्या दिवशी फोन येताच कोचनं विजयाच्या जल्लोषाकडे वळूनही पाहिलं नाही. सगळं सोडून मला गाडीत बसवलं. खेळापेक्षा माणूस मोठा, हे मी त्या रस्त्यावर शिकले." तारखा सगळ्या बरोबर आहेत, ट्वायला. वेळ तेवढी चुकली आहे. तू त्या लोकांसमोर उभी राहून हे वाक्य म्हणण्याआधी तुला ते कळावं, म्हणून हे पत्र. पाटी लावायची नाही असं मी आज प्राचार्यबाईंना कळवलं आहे, कारण मात्र सांगितलेलं नाही. ते कुणाला सांगायचं, की कुणालाच नाही, हे तुझ्या हातात. माफ कर असं मी लिहिणार नाही, कारण मग तुला उत्तर द्यावं लागेल. तुझे बाबा मला म्हणाले होते, तिला नीट सांगत जा. सांगायला मला पंचवीस वर्षं लागली.

तुझीच म्हणवून घ्यायला आता कचरणारी,
डेल्फा रॅस्मुसेन