बरणीतला चमचा

सोमवार, तारीख नऊ

चि. सूनबाईस,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण हात थबकला. पत्र वाचून झाल्यावर घ्यावासा वाटला तर घे.

इकडे सगळं ठीक. नळाची गळती थांबली. तुझा नवरा स्वयंपाक करतो. भात कधी कच्चा, कधी लगदा. मी मुकाट गिळतो, काय बोलणार? माझ्या तोंडावरची सूज उतरली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "आजोबा, नवीन काही खाल्लं होतं का?" मी म्हटलं, "छे हो."

आता सांगतोच. फळीवरच्या तुझ्या बरणीतले परागकण मी खाल्ले.

मधमाश्यांनी गोळा केलेले ते पिवळे दाणे तू स्वतःच्या तापानंतरच्या अशक्तपणासाठी आणलेस, तेव्हाच बजावलं होतंस, "बाबा, हे औषध नाही. घ्यायचेच तर आधी एकच दाणा जिभेवर ठेवा. सगळ्यांना सोसत नाही." पण शेजारचा शिंपी म्हणाला, "अहो, अंगात रक्त वाढतं, म्हातारा घोड्यासारखा जिने चढतो!" तू मला हाताला धरून जिना चढवतेस, त्याचा मला फार संकोच वाटायचा. जेवायच्या आधी गुपचूप चमचाभर तोंडात टाकले.

मग घसा आवळला. दवाखान्यात "काय खाल्लं?" विचारलं, तेव्हा आवाज फुटेना. बोट तेवढं हलत होतं. ते मी तुझ्याकडे केलं.

तुझा नवरा ओरडला, "काय घातलंस भाजीत?" तू म्हणालीस, "रोजचंच तर होतं!" मी ऐकत होतो.

सकाळी आवाज परत आला, तरी मी तोंड उघडलं नाही. तू माहेरी जायला बॅग भरलीस. जाताना माझ्या गोळ्या उशाशी ठेवल्यास, पाण्याचा तांब्यासुद्धा. तेव्हाही नाही.

काल डॉक्टरांना खरं सांगून आलो. ते रागावले, म्हणाले, पुन्हा एक दाणाही नको. आणि आत्ता हे पत्र तुझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "टपालात टाकू नका. मी घेऊन जातो. मलाही तिची माफी मागायचीय."

तो दारात चपला घालतोय, म्हणून आवरतो. तू आलीस तर जिन्यावर माझा हात धरू नकोस. धरलास, तर मी सोडवून घेणार नाही.

तुझ्याकडे बोट केलेला,
तुझा सासरा