गडग्यापासून खांबापर्यंत

आये,

येत्या शुक्रवारी मी सायकलने चार दिवसांच्या फेरीला निघतोय. फोंडाघाटहून सुरुवात, मग डांबरी रस्ता शक्य तेवढा टाळून, पाणंदींतून, खडीच्या वाटांनी आणि कातळाच्या सड्यांवरून धामापूर, वालावल करत शेवटी मालवणचा किनारा. आम्ही आठ जण आहोत. वाट दाखवायला कुडाळची एक मुलगी आहे, तिशीची असेल. तू जाऊन सव्वीस वर्षं झाली, मी निवृत्त झालो, आणि या वयात खडीवर चालवायची रुंद टायरची सायकल घेतली. दोन महिने तयारी चालू आहे. मागच्या पिशवीत आधी दोन किलो, मग चार किलो तांदूळ भरून रोज सकाळी चढ चढतो. पंक्चर काढायला शिकलो. खडीवर टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवायची असते, तेही शिकलो. तुझी सून दारात उभी राहून म्हणते, "ह्या वयात ही गादीची चड्डी घालून खंय चललात?" तू असतीस तर हसली असतीस, असं लिहिणार होतो. पण सायकलच्या गोष्टीवर तू हसली असतीस की नाही, मला सांगता येत नाही.

गेल्या रविवारी त्या मुलीने आम्हाला सरावाला नेलं ते आपल्या गावच्या सड्यावर. नकाशात तिसऱ्या दिवसाची रेघ तिथूनच जाते हे मी आधी पाहिलं होतं आणि कुणाला काही बोललो नव्हतो. सुट्या दगडांवर मी सारखा अडखळत होतो. ती बाजूने आली आणि म्हणाली, "काका, हँडल इतक्या आवळून धरू नकात. सायकल खंय पळान जाणा नाय. हात सैल सोडा, ती आपणच वाट काढता." मी हात सैल सोडले. सायकल सरळ झाली. समोर विजेचा खांब होता. माझ्या लहानपणी लोखंडी होता, आता सिमेंटचा आहे. जागा तीच.

तू उपकेंद्रातली नर्स होतीस. सात वाड्या तुझ्याकडे, आणि लशींचा थर्मास खांद्याला लावून तू सगळीकडे पायी जायचीस. मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, बाई, सायकल शिका, निम्मा वेळ वाचेल. चाळिशीला आलेली तू माझ्या शाळेच्या सायकलवर शिकायला लागलीस. संध्याकाळची वेळ, सडा रिकामा. मी बारा वर्षांचा, कॅरियर धरून तुझ्यामागे पळतोय. तुझा पदर कमरेला खोचलेला, मान ताठ, मागे बघायचा धीर नाही. "धरलंस मा रे?" "होय गो, धरलंय." अधूनमधून हेच. पण एके दिवशी सडा रिकामा नाही. माझ्या वर्गातली मुलं तिथे क्रिकेट खेळतायत. त्यांच्यातला एक ओरडतो, "बघा रे, नर्सबायची शेपटी इली!" सगळे हसतात. दुसरा म्हणतो, "शेपटेक दम लागलो रे!" रचलेल्या दगडांच्या गडग्याच्या कोपऱ्यापाशी मी हात सोडतो. मुद्दाम. आणि तिथेच थांबतो, म्हणजे मी तुझ्याबरोबर नाही असं त्यांना दिसेल. तू जात राहतेस. खांबाजवळ पोचतेस आणि विचारतेस, "धरलंस मा रे?" मी गडग्यापाशी उभा राहून उत्तर देतो, "धरलंय." आवाज लांबून आला. तू मान वळवलीस.

घरी मी सांगितलं, हात सुटलो. तुझ्या डाव्या मनगटाची मोडलेली हाडं तिरकी जुळली. त्या हाताने तुला पुढे कधी भरलेली कळशी उचलता आली नाही. सायकलला तू परत शिवली नाहीस. बदली झाली नाही, वाड्या कमी झाल्या नाहीत, नोकरीची उरलेली अठरा वर्षं तू त्या सड्यावरून चालत गेलीस आणि चालत आलीस. कुणी विचारलं, की म्हणायचीस, "माका नाय जमली ती. झिलान धरलेली तवसर बरी चलली. हात सुटलो, पडलंय." हे तू किती जणांना सांगितलंस. कधी मी तिथेच उभा असायचो. कॉलेजात असताना एकदा म्हणालो, "परत शिकतंस काय गो? मी धरतंय." तू चुलीपुढे होतीस. फुंकणी बाजूला ठेवून म्हणालीस, "आणि परत सुटलो तर?" आणि हसलीस. तेव्हा सांगता आलं असतं. मी लाकडं आत सरकवली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी सोडल्यासोडल्या तू पडलीस. दहा-पंधरा पावलं, फार तर. रविवारी बाकीचे पाणी पीत बसले, तेव्हा मी गडग्यापासून खांबापर्यंत चालून पाहिलं. चौऱ्याण्णव पावलं भरली, मोठ्या माणसाची. खाली दगड, खड्डे, एका ठिकाणी पाण्याने कापलेली घळ. रुंद टायरवर मी तिथे दोनदा पाय टेकला होता. ती मुलगी लांबून म्हणाली, "काका, काय हरवला काय?" "नाय गो," म्हटलं.

हात सुटला नव्हता, सोडला होता. एवढं तू ओळखलं असशील, असं मला पुष्कळदा वाटतं. पण दुसरी गोष्ट तुला कळणं शक्य नव्हतं, कारण तू मागे बघत नव्हतीस. ती सांगायची तर हात कुठे सोडला हे आधी सांगावं लागलं असतं. म्हणून मी गप्प राहिलो आणि तू चालत राहिलीस. आता हे पाठवायला जागा नाही. सड्यावर उभं राहून मोठ्याने सांगावं, तर लांबून दिलेलं माझं उत्तर तुला एकदा भोवलं आहे. तेव्हा इथेच लिहून ठेवतो. गडग्यापासून खांबापर्यंत तुझ्यामागे कुणी नव्हतं. आये, तुला सायकल येत होती.