बेअर लेकच्या चिकटवह्या

११ ऑक्टोबर १९९७, शनिवार

मेले! आज मी मेले!

बेअर लेकचे फोटो धुऊन आले. औषधांच्या दुकानातून पाकिटं मीच आणली आणि दुकानासमोरच्या बाकावर बसून फोडली. आधी हसून हसून पोट दुखलं. आजोबांची ढेरी, हातात मक्याचं कणीस — डोकं नाही. आई पाण्यातून बाहेर येतेय, खांद्यावर टॉवेल — डोकं नाही. एका फोटोत चार पोटं ओळीने बसून रासबेरी मिल्कशेक पितायत, नळ्या वर कुठे जातात कोण जाणे.

मग लवॉन मावशी आणि ब्राइसचा फोटो आला. लाकडी धक्क्यावर दोघं उभे, मागे निळंशार तळं. दोघंही मानेपासून खाली.

पाकीट मिटलं.

ऑगस्टमध्ये आईने नवा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला होता — "तेवढाच तुझ्या हातांना उद्योग, जनील!" मी ठरवलं, सगळ्यांना मानेखालीच पकडायचं. एकूणएक! फोटो आले की काय धमाल! ब्राइस चर्चच्या मिशनवर, परदेशी धर्मप्रचाराला, जायच्या आधीची ही शेवटची सुट्टी, म्हणून तर सगळे जमले होते. तेव्हा ते माझ्या लक्षात नव्हतं असं लिहिणार होते. होतं. चांगलं लक्षात होतं.

मावशीला एकुलता एक तो. आता दोन वर्षं दिसायचा नाही.

१२ ऑक्टोबर

आई — "फोटो आले का गं?"
मी — "दुकानातलं मशीन बिघडलंय."

थाप किती पटकन येते मला. अभ्यास आला असता तर!

चर्चमध्ये मावशीने ब्राइसचं पत्र वाचून दाखवलं. अर्जेंटिना फार छान आहे. माणसं फार छान आहेत. जेवण फार छान आहे. मी आईच्या कानात म्हटलं, "याला दुसरा शब्द येतो की नाही?" आईने चिमटा काढला. बायका डोळे पुसत होत्या. मावशी ताठ मानेने जागेवर येऊन बसली, जसं काही बक्षीस मिळालंय.

१८ ऑक्टोबर

संकट वाढलं. आईने जाहीर केलं, यंदा नाताळला विकतच्या भेटी नाहीत. बेअर लेकची चिकटवही करायची, घराघराला एकेक. एक आजोबांना, एक डीन मामाला, आणि सगळ्यात देखणी लवॉन मावशीला — पण तिला कळू द्यायचं नाही. आम्हाला दोघींना ओ की ठो येत नाही. म्हणून शिकायचं कुणाकडे? मावशीकडेच! गावात चिकटवह्यांचा शेवटचा शब्द तिचा.

म्हणजे जिची भेट मी मातीत घातली, तिच्याच टेबलाशी बसून तिच्याच कात्रीने शिकायचं.

आई म्हणते, "एवढी गप्प का? बरं नाही का?"

२५ ऑक्टोबर

मावशीकडे पहिला धडा. व्हर्ल काकांच्या मासेमारीच्या पेटीत तिचा संसार — नागमोडी कात्र्या, कोपरे गोल करायचं यंत्र, फोटो पिवळे न पाडणारा डिंक. जुने फोटो दिले हात बसवायला. मी हौसेने काकांच्या लहानपणीच्या फोटोचं बदाम कापलं.

"ते बदाम आहे की बटाटा?" मावशी म्हणाली.

"बदामच. जरा जेवलेलं."

"आणि कान कुठे गेला ह्यांचा?"

काका पेपरमागून म्हणाले, "नसू दे. नाहीतरी तिचं कुठे ऐकतो मी."

मावशी हसली. मग माझा हात धरून नीट दाखवलं. कात्री नाही फिरवायची, कागद फिरवायचा. रंगीत कागद मागे चारी बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. पानावर फार गर्दी नको. खाली नाव लिहायचं, साल लिहायचं — "आपल्याला वाटतं आपण विसरणार नाही. विसरतो गं." आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोटो समोर मांडून ठेवायचे, दोन-तीन दिवस येता-जाता बघायचे, मगच कात्री लावायची. घाई केली की जे ठेवायचं तेच कापलं जातं.

मी मान हलवत होते. मान! माझी तेवढी शाबूत आहे.

निघताना आईला ऐकू जाणार नाही अशी हळूच म्हणाली — "धक्क्यावरचा आमच्या दोघांचा फोटो आला की आधी मला दे हं. मोठा करून घेणार आहे." जेवणाच्या खोलीत भिंतीवर रिकामा खिळा. "आत्तापासून ठोकून ठेवलाय."

"रोज माझा कोट अडकतो त्यात," काका म्हणाले.

घरी येऊन जेवले नाही. आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

२६ ऑक्टोबर

निगेटिव्ह दिव्यासमोर धरून पाहिल्या. त्यात डोकी असतील म्हणे! कुठून असणार? बावळट.

१ नोव्हेंबर

उपाय सापडला असं वाटलं. शाळेच्या वार्षिकातून ब्राइसचं डोकं कापलं आणि धक्क्यावरच्या धडावर ठेवलं. वाटाण्याएवढं. मग बास्केटबॉल संघाच्या मोठ्या फोटोतलं आणलं. भोपळा! मावशीचं डोकं चर्चच्या नाव-पत्त्याच्या पुस्तकातून घेतलं, ते कृष्णधवल. भोपळ्याशेजारी भूत.

हसायला लागले. एकटीच, खोलीचं दार लावून. मग हसू कधी बदललं कळलंच नाही. उशीत तोंड खुपसलं, आई येईल म्हणून.

५ नोव्हेंबर

दुसरं काही सुचत नाही म्हणून मावशीने सांगितलं तसं केलं. ब्राइसचे सगळे फोटो पलंगावर ओळीने मांडले. येता-जाता बघतेय.

चेहरा नसला की माणूस हातांकडे बघतो.

होडीतल्या फोटोत अंगठा मुठीत दाबून धरलाय. शेकोटीपाशी सगळ्यांच्या हातात काड्या, काड्यांवर मार्शमॅलो, त्याच्या हातात काही नाही — नखाभोवतीची कातडी सोलतोय. दोन बोटांना पट्ट्या. जेवताना, पत्ते खेळताना, सगळीकडे तेच. आणि धक्क्यावरच्या फोटोत मावशीचा हात त्याच्या पाठीवर, आणि त्याने तिच्या बाहीचं टोक चिमटीत पकडलंय. एकोणीस वर्षांचा घोडा! बालवाडीच्या दारात पोरं पकडतात तसं.

होडीत मला म्हणाला होता — "जनील, गेलंच नाही तर काय होतं गं?"

मी म्हटलं, "काही नाही. तुमच्याकडे राहायला आले की तुझी खोली मला मिळणार नाही, एवढंच."

तो हसला. मी म्हटलं हलू नकोस, आणि मानेखालचा फोटो काढला.

६ नोव्हेंबर

हे कुणाला सांगायचं? सांगायचं तर फोटो दाखवायला लागतील.

असला विचार करते मी. असली आहे मी.

१४ नोव्हेंबर

आई — "सोमवारी मी स्वतः जाते त्या दुकानात. एवढे दिवस मशीन बिघडतं का कुठे!"

१५ नोव्हेंबर

गेले मावशीकडे. पाकिटं टेबलावर ठेवली. तिने हात पुसले, चष्मा लावला, आणि आनंदाने उघडली.

एकेक फोटो बघत गेली. एकदाही हसली नाही. धक्क्यावरचा आला तेव्हा थांबली.

"कॅमेरा बिघडला होता?"

हो म्हणता आलं असतं. तिने जागा करून दिली होती!

"नाही. मी मुद्दाम केलं."

"मी तीनदा केस सारखे केले."

"हो."

"तू म्हणालीस, छान दिसतेस मावशी."

"हो."

"घरी जा, जनील."

आणि मी काय करावं? दारात उभी राहून म्हटलं, "केस तसेही वाऱ्याने उडालेच असते." हे बोलले मी! जीभ आपोआप चालते माझी. तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळू लावलं.

आईलाही सांगितलं. ती ओरडली नाही. भांडी घासत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर

चर्चमध्ये मावशी पुढच्या बाकावर. एकदाही मागे वळली नाही. ब्राइसचं पत्र आज दुसऱ्याच कुणीतरी वाचलं. सगळं फार छान आहे.

मला मात्र आज थट्टा सुचली नाही.

६ डिसेंबर

आई म्हणाली, "भेटी द्यायच्या म्हटलंय तर द्यायच्या. आहे त्याच्यात कर." मावशीकडच्या फोटोंच्या दुसऱ्या प्रती काढून आणल्या, शेजाऱ्यांची मुलं सांभाळून कमावलेल्या माझ्या पैशांतून. आजोबांची वही झाली. कागद फिरवला, कात्री नाही. हिरव्या कागदावर ढेरी, खाली नाव, साल. वाईट नाही दिसत. कौतुक वाटायच्या आधीच वही मिटून ठेवली.

मावशीची वही केली नाही. कोणत्या तोंडाने करू.

१३ डिसेंबर

फोन. मावशी. "ये."

एवढंच.

गेले तर जेवणाच्या टेबलावर ब्राइसचे फोटो ओळीने मांडलेले. महिना झाला, ती तिथे जेवलेलीच नाही म्हणे. काका स्वयंपाकघरात उभ्याने जेवतात.

तिने धक्क्यावरच्या फोटोवर बोट ठेवलं. बाहीच्या टोकावर. "हे बघ."

"पाहिलंय."

"कधी?"

"तुला द्यायच्या आधीच."

"मग बोलली का नाहीस?"

तू घरी जा म्हणालीस असं म्हणता आलं असतं. पण तेही खरं नव्हतं. माझी लाज झाकायची होती मला, म्हणून त्याचे हात झाकले. हे तिला नाही सांगितलं. होडीतलं बोलणं मात्र सांगितलं. माझ्या विनोदासकट.

तिने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "बस. पान करू."

काही कापलं नाही. कोपरेसुद्धा गोल केले नाहीत. मी खाली लिहायला घेतलं, 'आमचा हसरा मिशनरी', गावात सगळ्या वह्यांत असतं तसं. तिने पेन धरलं. "नाव लिही. साल लिही. बाकी काही लिहू नकोस."

१६ डिसेंबर

मावशीने तो फोटो खिळ्यावर लावला! तसाच, मोठा करून!

काका म्हणाले, "पाहुणे काय म्हणतील?"

"तुम्ही तुमचा कोट दुसरीकडे अडकवा," मावशी म्हणाली.

२५ डिसेंबर

आजोबा वहीवर बेहद्द खूश. "हे पोट माझंच! कुठेही ओळखेन!" डीन मामा आपले पाय शोधत बसला. सगळे हसले. मीही हसले, पण लक्ष फोनकडे. नाताळचा फोन. मिशनवरच्या पोरांना वर्षात दोनच फोन — नाताळला, आणि मग मे महिन्यात मदर्स डेला.

वाजला. आधी काका. "काम कसं चाललंय? छान? शाब्बास!" मग आजोबा, मग आई. छान, छान. मग मावशीने घेतला.

"ब्राइस, हात दाखव."

"फोनवर हात कसे दाखवेल, लवॉन?" काका पुटपुटले.

मावशीने ऐकलं नाही. "हात कसे आहेत तुझे? खरं सांग. पट्ट्या किती बोटांना?"

मग ती नुसती ऐकत राहिली. फोनची वायर मनगटाला गुंडाळत, गुंडाळत, हात पांढरा पडेस्तोवर. मग आम्हा सगळ्यांना हाताने खोलीबाहेर काढलं.

हॅम गार झालं.

३० डिसेंबर

ब्राइस मिशन अर्धवट सोडून घरी येतोय, गावभर झालंय. चर्चचे बिशप येऊन गेले. शेजारणी येऊन गेल्या. आमच्याकडे कुणी गेलं की चीज घातलेल्या बटाट्यांचं ताट येतं. मावशीकडे टेबलभर आली.

मेलंय कोण?

दुकानात मिसेस हॅन्सन आईला म्हणाल्या, "घरच्यांनी जरा धीर द्यायला हवा होता पोराला." आईने पिशवी उचलली आणि सुटे पैसे न घेताच निघाली. बाहेर येऊन मला म्हणाली, "तू काही बोलली नाहीस! कमाल आहे!"

बोलणार होते. पण कुणाला काय लागेल हे हल्ली आधी बघावं लागतं मला. सवय नाही. थकायला होतं.

९ जानेवारी १९९८

विमानतळ. एरवी पोरगा परतला की फुगे, फलक, अख्खं गाव. आज मावशी आणि मी. काका गाडी लावून येतो म्हणाले, ते आलेच नाहीत.

मी म्हटलं, "मावशी, त्या फोटोचं मला—"

"गप्प बस," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "मी धक्क्यावर केस सारखे करत नव्हते, जनील. त्याचा चेहरा पाहिला आणि मला दुसरीकडे बघायचं होतं. तीनदा पाहिला. मग त्याला म्हटलं, हस रे, फोटो काढतेय ती. तुझ्या फोटोत डोकं नाही हे बघून आधी काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. म्हणून तुला घालवलं."

दार उघडलं. माणसं यायला लागली. तिने माझा हात घट्ट धरला, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.