तुझ्या नंबरावरची मी

१२ ऑक्टोबर, दुपार

लाडक्या घंटीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील, तुझ्या यजमानांची पाठही आता सरळ झाली असेल. त्यांना म्हणावं, बादल्या उचलायचं वय गेलं आता.

इकडे सगळं ठीक. माझा डावा गुडघा हल्ली वेगळी चूल मांडल्यासारखा वागतो. मी उठते, तो बसूनच राहतो. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर गेले आणि त्या जागी केस कापणारा आला. पूर्वी जिना चढताना किंकाळ्या ऐकू यायच्या, आता कात्रीचा आवाज आणि गप्पा. सुधारणाच म्हणायची. आईच्या खोलीतले पडदे शेवटी मी बदलले. फिकट निळे आणलेत. तुला आवडले असते.

फोन असताना ताईला पत्राचं खूळ कुठून आलं, असं तुला वाटेल. परवा तू फोन केलास तेव्हा ‘दूध उतू जातंय गं’ म्हणून मी घाईघाईने ठेवून दिला ना? गॅसवर काहीच नव्हतं. तुझा आवाज ऐकवेना मला.

आपल्याला शाळेत पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, आधी समोरच्याची खुशाली, मग आपली, मग कामाचं. खुशाली संपली.

तू परदेशी जाताना तुझा इथला फोन नंबर माझ्याकडे ठेवून गेलीस, बँकेचे निरोप येतात म्हणून. गेल्या हिवाळ्यात त्यावर घाईबाईचा फोन आला. आठवते ना? तुझ्या वर्गातली, शाळा सुटायच्या आधीच दप्तर भरून बसणारी.

“अगं घंटी! आहेस की गेलीस?”

मी म्हणाले, “आहे.”

“आवाज तस्साच गं मेले! आम्ही सगळ्या जणी आहोत ग्रुपवर, तुझीच कमी होती. थांब, तुला आत घेते.” आणि घेतलंसुद्धा. तिच्या तोंडापुढे कोण टिकणार!

पण हे मी तिच्यावर ढकलत नाही. दवाखान्याच्या टेलिफोनच्या खोलीत अख्खी नोकरी काढली मी. चुकून आलेला फोन ज्याचा त्याला जोडून द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं, एवढंच माझं काम. ‘मी तिची ताई, तिचा नंबर देते हं,’ म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हटलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर फोनवर तुझ्या नावाने फुलांचा ढीग पडला होता, आणि माझ्याशी दिवसभरात त्या केस कापणाऱ्याशिवाय कुणी बोललं नव्हतं.

वाटलं, दोन दिवस मजा बघू, मग सांगू. मग एकीने गाणं मागितलं. मी दारं-खिडक्या लावून शाळेची प्रार्थना म्हटली आणि पाठवली. आवाज आपला दोघींचा सारखाच, पण तू सुरात असायचीस आणि मी सुराच्या शेजारी. संगीताच्या सिस्टर मला मागच्या रांगेत उभं करून म्हणायच्या, “तू नुसते ओठ हलव, बाळ.” या वयात मात्र सगळ्याच सुराच्या शेजारी. कुणाला काही कळलं नाही. तुझ्या बाकावरची ती चष्मा तर म्हणाली, ऐकताना डोळे भरून आले.

मग मी थांबेना. तू मला तुझ्या कुंड्यांचे फोटो पाठवायचीस, मी ते त्यांना पाठवायचे. ‘काय गं हात आहे तुझा!’ असं कुणी लिहिलं की मी इथे एकटी बसून लाजायचे. तुझी प्रयोगशाळा, तुझा वरचढ साहेब, बर्फावरून घसरून पडलेली तू, सगळं मी त्यांना सांगितलं, आणि तुझ्यापेक्षा रंगवून. एकदा घाईबाईने विचारलं, “आणि तुझी ती घुमी ताई कशी आहे गं?”

मी लिहिलं, ‘असते आपली.’

घंटे, इथपर्यंतचं कदाचित तू हसून सोडून देशील. “ताई, तू पण ना!” म्हणशील. पुढचं तसं नाही. मघाशी उठून चहा करून आले. तो तसाच निवलाय.

चष्म्याचा मुलगा गेला. मोठा, कर्ता मुलगा. एका दुपारी तिने ग्रुपवर लिहिलं, ‘तुम्हाला नाही कळायचं.’ सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मला तिची फार दया आली. ती खरीच होती, एवढं तरी माझं ऐक. मी लिहिलं, ‘मला कळतं. माझीही लेक गेली.’

मग तिने मला एकटीला फोन केला आणि विचारत गेली. मी सांगत गेले. पिवळं टोपडं. मुठीत धरलेलं तुझं बोट. नर्स न्यायला आली तेव्हा तू तिला म्हणालीस ते वाक्य. सगळं मी ‘मी’ म्हणून सांगितलं आणि ढसाढसा रडले. चष्मा म्हणाली, “रड बाई, मोकळी हो.”

बाळ गेलं तेव्हा त्या खोलीत फक्त तू, तुझे यजमान आणि मी. आईलासुद्धा आपण वेगळं सांगितलं. विमानतळावर माझा हात घट्ट धरून तू म्हणालीस, “ताई, हे माझं आहे. कुणाला देऊ नकोस.” मी नुसतं दिलं नाही, घंटे. ते माझं म्हणून दिलं. तुझे दागिने उचलले असते तर आज आणून तुझ्या पुढ्यात ठेवले असते. हे कुठून परत आणू?

आता तुला लगेच कळायला हवं ते. चष्म्याची मुलगी तुझ्याच शहरात असते. चष्मा तिच्याकडे निघाली आहे आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तुझ्या दारात उभी राहणार आहे. तुझा पत्ता मी दिला नाही, घाईबाईने तुझ्या कचेरीत विचारून काढला. चष्म्याला तुला मिठी मारायची आहे. ती तुझ्या लेकीबद्दल बोलेल, आणि ती काय बोलते आहे ते तुला कळणारही नाही, म्हणून हे पत्र. कुरियरवाला म्हणाला, त्याच्या आधी नक्की पोचेल.

काल मी ग्रुपवर लिहायला बसले, ‘मी घंटी नाही, तिची ताई.’ लिहिलं आणि पुसलं. मला वाईट म्हणतील, ते म्हणोत. पण लगेच विचारतील, मग ती बाळाची गोष्ट? त्यावर काय सांगू? खरी आहे म्हणाले तर तुझं झाकलेलं पुन्हा एकदा उघडं पडेल, आणि या वेळी माझ्या साक्षीनिशी. मी रचली म्हणाले तर तुझं तुझ्यापाशी राहील. लोक माझ्या तोंडावर थुंकतील. ते मला चालेल, खरंच चालेल. पण त्यासाठी मला लिहावं लागेल की ती नव्हतीच. तिला मीही मांडीवर घेतलं होतं गं.

तरी तू सांगशील ते लिहीन. अक्षर इकडचं तिकडे करणार नाही. तुझा निरोप येईपर्यंत तो फोन बंद करून कपाटात ठेवलाय. रविवारी दार उघडायचं की नाही, तेही तूच ठरव. क्षमा मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून आणखी काही घ्यायचं नाही मला.

तुझी ताई,
आणि तू नको म्हणेपर्यंत
तुझ्या लेकीची मावशी